उशीजवळ चार पॉइंट एक

यात एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. मावशीने सांगितलं तसं सांगतोय. शेवटचं तर मी स्वतः पाहिलं.

माझी मावशी भुताखेतांना भिणाऱ्यांतली नाही. अंधाऱ्या जिन्यावरून ती दिवा न लावता उतरते. कुणी असल्या गोष्टी सांगायला लागलं की म्हणते, "ते सगळं राहू दे, आकडा दाखव." तिचा विश्वास फक्त मशीनच्या आकड्यावर.

आणि तिला जे दिसलं, तो आकडाच होता...

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. कुत्रीही रडत नव्हती. मंगळवार होता, दुपारचे अडीच वाजले होते आणि समोरच्या घरी कुणीतरी गाद्या झोडपत होतं.

मावशी आणि काकांचं काम जरा वेगळं आहे. गाडीच्या धुरात किती विष आहे ते मोजायचं मशीन असतं ना, धूर तपासणी केंद्रात? त्याला एक लांब नळी असते. नळीच्या टोकाला धातूची दांडी, तिला प्रोब म्हणतात. तो प्रोब गाडीच्या सायलेन्सरमध्ये खुपसायचा. आतला पंप धूर ओढून घेतो आणि पडद्यावर आकडे येतात. ही मशिनं बिघडली की काकांकडे येतात. घराची पुढची खोली म्हणजे वर्कशॉप. मागे स्वयंपाकघर आणि झोपायची खोली.

हे वर्कशॉप काकांनी एकट्याने उभं केलेलं नाही. पहिल्या बायकोबरोबर केलं.

मी सांगतोय त्या मंगळवारच्या नऊ वर्षं आधी ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत संपली. दोन वर्षांनी मावशी त्या घरात आली.

पहिलीला सगळी गिऱ्हाइकं 'वहिनी' म्हणायची. मावशीला 'नव्या वहिनी' म्हणतात. तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत मशीनसुद्धा जुनं होतं. मावशी आपली नवीच.

काका माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाहीत, टोमणे मारत नाहीत. पण एखादं मशीन अडलं की सहज बोलून जातात, "तिचा हात वेगळा होता." आज उकडतंय म्हणावं, इतकं सहज.

मावशी हे काम शिकली ती आवडीने नाही. जळून शिकली. तीन वर्षं काकांच्या शेजारी बसून तिने एकेक पुर्जा पाठ केला. कशासाठी, तर पहिलीचं स्टूल रिकामं राहू नये म्हणून. बसली त्या स्टुलावर. पण स्टूल पहिलीचंच राहिलं.

आता एक गोष्ट नीट ऐका, पुढे लागणार आहे.

मशीन दुरुस्त झालं की शेवटी प्रोबमध्ये फुंकर मारायची, ही पहिलीची पद्धत. माणसाच्या श्वासात साधारण चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. फुंकर मारली आणि पडद्यावर चारच्या आसपास आकडा आला, की मशीन ठीक. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येतो. पहिलीचा यायचा ४.१. दुरुस्तीच्या प्रत्येक कार्डावर तिच्या अक्षरात शेवटची ओळ असायची, 'फुंकर ४.१'. त्या कार्डांचा गठ्ठा अजून कपाटात आहे.

काकांची फुंकर ४.४.

मावशीची ३.६. काही केलं तरी ३.६.

काका एकदा हसत म्हणाले होते, "अगं, जरा पोटातून फुंक. तिची बघ कशी यायची." त्या दिवशी मावशीने भाजीत मीठ विसरलेलं लक्षात येऊनही मागून घातलं नाही. दोघांनी अळणीच गिळलं.

तर त्या मंगळवारी सकाळी एक केंद्रवाला मशीन घेऊन आला.

"काका, हे बघा जरा. लाल दिवा लागतोय, धूर नीट ओढत नाहीये. नऊ वर्षांत पहिली तक्रार हं! वहिनींच्या हातचं आहे ना..." मग मावशीकडे वळून म्हणाला, "नव्या वहिनी, चहा नको, घाईत आहे."

मावशीने विचारलाच नव्हता.

तो गेला. काका बराच वेळ मशीनच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

"तिचं शेवटचं हे," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात ताप आला तिला."

मग त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

"मला आत्ता गावाबाहेरच्या केंद्रावर जायचंय. साडेपाचपर्यंत येतो. हे मी उद्या निवांत बघेन." दारात थांबून ते पुन्हा म्हणाले, "याला तू हात लावू नकोस."

झालं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काकांच्या स्कूटरचा आवाज लांब जाईपर्यंत ती थांबली. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि झाकण उघडलं. तिला फार काही नको होतं. संध्याकाळी काकांनी यावं, चालू मशीन बघावं आणि एकदा, फक्त एकदा, तुलना न करता म्हणावं की तुझा हात चांगला आहे.

आत सगळ्या वायरी एका रेषेत. वायरी बांधायच्या प्रत्येक पट्टीचं टोक कापून एकाच बाजूला वळवलेलं. मावशीने चूक शोधली. सापडली नाही, म्हणून जास्तच चिडली.

पण बिघाड तिने बरोबर हुडकला. आधी फिल्टर बदलला. लाल दिवा तसाच. धुरातलं पाणी साठतं ती बाटली पाहिली, कोरडी होती. नळी पंपापासून सोडवली आणि पंपाच्या तोंडावर अंगठा धरला. ओढ अगदी क्षीण. पंप खोलला तर आतल्या रबरी पडद्याला केसाएवढी चीर. नऊ वर्षांनी रबर दमणारच. खणातून नवा पडदा काढून बसवला, सगळं होतं तसं जोडलं आणि बटण दाबलं.

पंप गुरगुरला. लाल दिवा विझला.

मावशी एकटीच हसली. "घ्या," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिचं तिलाच माहीत.

आता मशीनला झिरो द्यायचा होता. म्हणजे स्वच्छ हवा दाखवून सांगायचं, बाबा रे, याला शून्य समज. मशीन विश्वासू असतं. जी हवा द्याल तिलाच ते शून्य धरतं आणि पुढचं सगळं त्यावरून मोजतं. म्हणून त्या घरात नियम होता की झिरो घेताना प्रोब खिडकीबाहेर लटकवायचा. हा नियमही पहिलीनेच केलेला.

मावशीने प्रोब खिडकीबाहेर धरून झिरो घेतला. कार्बन डायऑक्साइड ०.०. ऑक्सिजन २०.९. एकदम चोख.

मग तिने प्रोब आत घेतला, काकांच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवला आणि कार्ड लिहायला पेन उचललं.

आकडा हलला...

०.८.

२.३.

४.१.

मावशी बघत राहिली. तिने अजून फुंकर मारलीच नव्हती.

सेन्सर बिघडला असेल, असं तिला वाटलं. वाटणारच. तिने टेस्ट गॅसची टाकी लावली. त्यात किती टक्के काय आहे ते टाकीवरच छापलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड चौदा. मशीनने दाखवला चौदा. टाकी काढली. आकडा उतरत उतरत खाली आला...

आणि ४.१ वर थांबला.

प्रोब खिडकीबाहेर धरला. ०.०.

आत घेतला. ४.१.

आपलाच श्वास जात असेल, म्हणून ती अंगणात गेली, दार ओढून घेतलं आणि काचेतून पडद्याकडे पाहत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. खोलीत कुणी नव्हतं.

४.१.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. माणूस फुंकर मारतो तेव्हा मध्ये श्वास घ्यायला थांबतो. आकडा चढतो, पडतो, पुन्हा चढतो.

हा पडत नव्हता...

जो कोणी फुंकत होता, त्याला श्वास घ्यायची गरज नव्हती.

समोरच्या गाद्यांचा आवाज कधीच थांबला होता. फक्त पंप गुरगुरत होता.

तुम्ही-आम्ही असतो तर चपलाही न घालता पळालो असतो. मावशी आत आली. घाबरली नव्हती असं नाही. पण भीतीच्याही आधी तिच्या डोक्यात एकच विचार आला. ही इथेच आहे? सात वर्षं?

आणि इथे म्हणजे नक्की कुठे?

तिने नळीचं वेटोळं पूर्ण उलगडलं, प्रोब लांब धरला आणि खोलीभर फिरवायला सुरुवात केली. मशीन ट्रॉलीवर होतं, ते पायाने ढकलत बरोबर नेलं. दरवेळी आकडा स्थिर होईपर्यंत थांबायची.

कपाटापाशी ०.२.

पहिलीच्या स्टुलापाशी ०.०. जिच्यासाठी मावशी तीन वर्षं झिजली, ती जागा रिकामीच होती.

काकांच्या खुर्चीपाशी... ४.१. बसलेल्या माणसाच्या मानेमागे, खांद्याच्या उंचीवर. हातभर बाजूला सरकलं की काही नाही.

मावशीचे कान तापले.

मशीन लांब एक्स्टेंशन वायरवरच चालू होतं, तिने ट्रॉली तशीच आतल्या खोलीच्या दारात नेली. प्रोब आधी स्वतःच्या उशीवर ठेवला आणि मागे सरकून पडद्याकडे पाहिलं.

०.०.

मग काकांच्या उशीवर ठेवला.

एक... दोन... तीन... आकडा निघाला आणि चढतच गेला.

४.१.

मावशी मला म्हणाली, "खरं सांगू? त्या क्षणी भूत वगैरे डोक्यात नव्हतंच रे. माझ्या नवऱ्याच्या उशीवर दुसऱ्या बाईचा श्वास होता. बस."

इतकी वर्षं ती पहिलीला 'त्या' म्हणत आली होती. त्या अशा होत्या, त्या तशा करायच्या. त्या दुपारी पहिल्यांदा 'तू' वर आली.

"निघ," ती म्हणाली. "ऐकू येतंय ना? तुझी भांडी मी घासली. तुझ्या स्टुलावर बसून मी 'नवी' म्हणवून घेतलं. कधी चकार शब्द काढला नाही. आणि तू इथे? त्यांच्या कुशीत? निघ म्हणते ना!"

४.१.

"निघत नाहीस? बरं."

आणि मावशीने ते केलं, जे या धंद्यातला कुणीही शुद्धीवर असताना करणार नाही. प्रोब तसाच काकांच्या उशीवर ठेवला आणि झिरोचं बटण दाबलं.

पडद्यावर सूचना आली, 'प्रोब स्वच्छ हवेत आहे का?'

मावशीने 'हो' दाबलं.

तीस सेकंद लागतात. पंपाचा आवाज बदलला... कुठेतरी आत झडप टक्कन बंद झाली... खोलीतली हवा एकदम गार वाटली...

०.०.

ऑक्सिजन २०.९.

"आता ये," मावशी म्हणाली. "कितीही फुंक. शून्य आहेस तू."

तिला इतकं हलकं वाटलं की तिने खरंच गाणं गुणगुणत ट्रॉली पुढच्या खोलीत आणली. प्रोब काकांच्या खुर्चीपाशी टेबलावर ठेवला. ०.०. भांड्यात चहाचं आधण ठेवलं. पुन्हा येऊन पाहिलं. ०.०. हू का चू नाही.

साडेपाचला काका आले. मशीन चालू पाहून त्यांचा चेहरा आधी पडला. मग त्यांनी झाकण उचललं, नवा रबरी पडदा पाहिला, पंपावर बोट ठेवलं.

"पडदा फाटला होता?"

"हो. फिल्टर बघितला, बाटली बघितली, मग पंप खोलला."

"मला ते शेवटी सुचलं असतं," काका म्हणाले. "चांगला हात आहे तुझा."

मावशी सांगते, तेवढी पाच मिनिटं तिच्या आयुष्यातली खरी. काकांनी चहा घेतला. तिच्याकडे बघून हसले. तुलना नाही, आठवण नाही, काही नाही.

"चल, फुंकर मार आणि कार्ड लिहून टाक," ते म्हणाले.

हे मावशीच्या डोक्यातच आलं नव्हतं. आनंदाच्या भरात माणूस हिशेब विसरतो, तशी ती विसरली होती. तिने प्रोब तोंडाशी धरला आणि मारली फुंकर.

आकडा शून्याच्या खाली गेला...

उणे ०.५.

काकांनी कप खाली ठेवला. "पुन्हा मार बरं."

पुन्हा उणे ०.५.

काका काही खुळे नाहीत, आयुष्य गेलंय त्यांचं यात. मशीनने कसला तरी श्वास शून्य धरलाय, हे त्यांना दिसलंच. आणि मावशीचा ३.६ त्यांना तोंडपाठ होता. त्यांचे ओठ हलले.

"तीन पॉइंट सहा... आणि अर्धा..."

मग त्यांनी तो आकडा उच्चारला. मावशी म्हणते, माणूस कुणाला तरी हाक मारतो ना, तसा.

"चार पॉइंट एक."



"कुठे घेतलास झिरो?" काकांनी विचारलं. रागाने नाही. सात वर्षांत इतक्या हळू आवाजात ते मावशीशी कधी बोलले नव्हते.

तिने काहीही थाप मारायला हवी होती. पण त्या आवाजापुढे तिला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. खुर्ची सांगितली, उशीही सांगितली.

काका घाबरले नाहीत. त्यांनी हळूच मान मागे वळवली आणि आपल्या खांद्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मावशीने प्रोब परत टेबलावर ठेवला होता. पडद्यावर ०.० होतं.

तेव्हा कुठे मावशीला कळलं.

शून्य म्हणजे ती गेली असं नव्हतंच. मशीनने तिचा श्वास शून्य धरला होता. ती गेली असती, तर आकडा उणे चारवर पडला असता. शून्य म्हणजे ती तिथेच होती. दुपारपासून, पूर्ण वेळ, तिथेच...

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं.

ते मशीन केंद्रवाल्याला परत गेलं नाही. काकांनी त्याला आपलं दुसरं देऊन टाकलं. हे मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं की नवा झिरो घेतं, म्हणून काकांनी ते तेव्हापासून बंदच केलेलं नाही. वीज जाईल म्हणून बॅटरी लावली आहे. मावशीच्या चष्म्याची काडी तीन महिने मोडलेली आहे, दोऱ्याने बांधून वापरते. पण त्या मशीनचा फिल्टर दर सोमवारी नवा.

सकाळी उठल्यावर काका आधी पडद्याकडे बघतात. मग चहा.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेलो होतो. दुपारची वेळ. काका बाहेर गेले होते. मावशी शेंगा सोलत बसली होती, मशीन कोपऱ्यात गुरगुरत होतं, प्रोब काकांच्या खुर्चीसमोर टेबलावर होता. मी पडद्याकडे पाहिलं.

उणे ४.१.

"मावशी, हे उणे दाखवतंय. म्हणजे गेली की ती!" मी म्हणालो. मला आपलं बरं वाटलं.

मावशीने मान वर केली नाही.

"आधी ती घरात असायची," ती म्हणाली. "ते बाहेर गेले तरी घरातच. त्या मंगळवारी नव्हती का? त्यांना माहीत नव्हतं तोवर बिचारी गुपचूप राहायची. आता माहीत झालंय. आता बरोबर जाते त्यांच्या. मीच सांगितलं ना..."

मीही शेंगा सोलायला घेतल्या.

थोड्या वेळाने पंपाचा आवाज किंचित बदलला. मी पाहिलं.

उणे ३.२...

उणे १.४...

०.०.

बाहेर अजून स्कूटरचाही आवाज नव्हता. रस्ता मोकळा होता, मी खिडकीतून पाहिला.

मावशी पदर झटकून उठली आणि चहाचं भांडं गॅसवर ठेवलं.

"आले दोघं," ती म्हणाली.

आणि लांबून, गल्लीच्या तोंडाशी, स्कूटर वळल्याचा आवाज आला.